‘तेढावाली’ आधीच आहे

गोरेगावच्या बसस्टँडवरून बाजाराकडे वळलं की डाव्या हाताला रेवाराम टेंभऱ्यांचं दुकान लागतं. पाटीवर अजून ‘कॅसेट सेंटर’ असंच लिहिलेलं आहे. मधल्या काळात कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या आणि त्याही गेल्या, नखाएवढ्या मेमरी कार्डांनी काही वर्षं बरी काढली, पण पाटी नव्याने रंगवायचं काही रेवारामच्या मनावर आलं नाही. पाटी वाचून दुकानात येतं कोण, असं तो विचारतो, आणि त्याचं खरंच आहे. आता त्याच्याकडे लोक येतात ते पेनड्राइव्ह भरून घ्यायला. ज्याच्या-त्याच्या खिशात इंटरनेट असताना गाणी भरून घ्यायला कोण येणार, असं शहरातल्या माणसाला वाटेल. त्याने एकदा भाताच्या रोवण्याच्या दिवसांत या दुकानासमोर येऊन उभं राहावं. धानाच्या बांधीत चिखल करणाऱ्या ट्रॅक्टरवर नेटवर्क नसतं, ड्रायव्हरचे हात बरबटलेले असतात, आणि गाणं तर लागतंच.

कुणाला कोणती गाणी हवीत हे रेवाराम विचारत नाही. विचारलं की माणूस उगाच विचारात पडतो आणि मागच्याचा खोळंबा होतो, असं त्याचं मत आहे. तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहतो, ट्रॅक्टर स्वतःचा आहे की मालकाचा ते पाहतो, लग्न झालंय की ठरायचंय ते त्याला आधीच ठाऊक असतं, आणि त्या हिशेबाने तो गाणी भरतो. तक्रार घेऊन परत आलेला माणूस विरळाच. अंगाने भरलेला, डोक्यावर मागे सरलेले केस, तोंडात सतत सुपारी, आणि पुढे टेबलावर ज्याच्या एंटरच्या बटणावरची अक्षरं पार झिजून गेली आहेत असा कीबोर्ड, असा हा पंचावन्नच्या पुढचा गृहस्थ गोरेगावात सगळ्यांचा लाडका आहे. त्याच्यात एकच खोट होती. कॉम्प्युटर त्याला काय विचारतो आहे, ते तो कधी वाचत नसे.

कॉम्प्युटर विचारतो फार, ही त्याची जुनी तक्रार. फाइल इकडची तिकडे करायला घ्यावी तर मध्येच चौकट उघडते. ही फाइल मोठी आहे, तरी करू का? या फाइलची काही माहिती सोबत जाणार नाही, तरी करू का? परवानगी आहे का? खात्री आहे का? रेवारामच्या मते ऑफिसातला बाबू विचारतो तसलंच हे विचारणं; त्याला काही जाणून घ्यायचं नसतं, आपण खुर्चीवर आहोत एवढंच दाखवायचं असतं. अशा वेळी हो म्हणावं आणि पुढे सरकावं. चौकट आली रे आली की त्याचं बोट एंटरवर पडायचं. त्याची बायको दुलारी म्हणते, हा माणूस घरातही असंच करतो, अर्धं ऐकतो आणि हो म्हणतो.

या सवयीचा फटका एकदा बसलाही होता. एका बँडवाल्याचा पेनड्राइव्ह लावला तेव्हा कॉम्प्युटरने विचारलं, हा फॉरमॅट करू का? रेवारामने हो म्हटलं. बँडवाल्याची हंगामभराची गाणी धुऊन गेली आणि त्या दिवशीची वरात दोनच धुनांवर आलटून पालटून नाचली. पुढे कितीतरी दिवस रेवारामला समोरच्या टपरीवर चहा प्यायची चोरी झाली. तेव्हापासून ‘फॉरमॅट’ हा शब्द तेवढा तो ओळखतो, बाकी चौकटींना पूर्वीसारखंच हो.

पण या दुकानातली खरी ठेव सिनेमाच्या गाण्यांची नव्हे. तरुणपणी रेवारामला भारी नाद होता. कुठे लग्न असलं की टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून तो जायचा आणि मांडवात बायका गातात ती बिह्याची, म्हणजे लग्नाची, गाणी टेप करून आणायचा. पोवारांच्या घरची ही गाणी, पोवारी बोलीतली. तेल चढवायची वेगळी, हळदीची वेगळी, नवरदेवाच्या मामाला शिव्या घालायची तर फारच वेगळी. पुढे त्या साऱ्या कॅसेटी त्याने कॉम्प्युटरमध्ये घेतल्या. फाइलला नाव द्यायचं तर गाणारीचं द्यावं हे त्याला कळत होतं. अडचण एवढीच की गाणाऱ्या बायांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती. आमच्याकडे सून घरात आली की तिच्या माहेरच्या गावावरून तिला हाक पडते. आमगावची आली ती आमगाववाली, तिरोड्याची ती तिरोडावाली. सासू तशीच हाक मारते, जावा तशाच, आणि नवराही ‘ऐकलं का’ याच्यापलीकडे गेला तर तसंच म्हणतो. मग रेवारामनेही फाइलींना तीच नावं दिली, आणि इतक्या वर्षांत त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात हिरडामालीचा उमेंद्र दुकानात आला. त्याच्या पोरीचं, प्रेरणाचं लग्न होतं. उमेंद्रची आई तो दोन वर्षांचा असताना गेली. तिला तापात दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. वर्ष सरायच्या आत बापाने, दुलीचंदने, तिचीच धाकटी बहीण करून आणली, आणि उमेंद्रला त्या मावशीने वाढवलं. दुलीचंद दोन वर्षांमागे वारला. मरायच्या आधी तो लेकाला सांगून गेला होता की तुझ्या आईचं हळदीचं गाणं एका कॅसेटीत होतं, ती रेवारामने कॉम्प्युटरमध्ये घेतली आहे, पोरीच्या लग्नात ते लाव. उमेंद्रने कळत्या वयात आईचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. तो रेवारामला म्हणाला की बाकी काहीही विसरा, पण हे एक गाणं विसरू नका.

रेवाराम विसरला नाही. दुलीचंदच्या नावाचं फोल्डर होतं, त्यात ‘तेढावाली’ नावाची फाइल होती, ती त्याने पेनड्राइव्हवर टाकली. मग हळदीला आणखीही गाणी हवीत म्हणून स्वतःच्या संग्रहातल्या हिरडामालीच्या फोल्डरातली सारी गाणी त्यामागे सोडली. मध्ये एक चौकट उघडली. त्याचं बोट एंटरवर पडलं, चौकट गेली, आणि उमेंद्र पेनड्राइव्ह घेऊन समाधानाने घरी गेला.

दोन दिवसांनी दुपारच्या उन्हात ऑटोतून एकटी बाई उतरली. पांढऱ्या केसांवर पदर घेतलेली उमेंद्रची मावशी. रेवाराम तिला दुलीचंदभाऊची बायको म्हणून वैनी म्हणतो. तिने पाणी घेतलं, बाकावर बसली, आणि गळ्याच्या ऑपरेशनपासून घोगऱ्या झालेल्या आवाजात म्हणाली की पेनड्राइव्हात बाईचं गाणं नाही. थोरल्या बहिणीला ती बाई म्हणते.

रेवारामला राग आला. कामात चूक काढली की त्याला आधी राग येतो, मग तो पाहतो. मी माझ्या हाताने टाकलं आहे, म्हणाला, तेढावाली नावाचं गाणं वाजतं की नाही घरी?

वाजते, ती म्हणाली. पण तो आवाज बाईचा नाही, माझा आहे.

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. ती नवीन लग्न होऊन आली तेव्हा तिला तेढावाली म्हणायला कुणाला विचार करावा लागला नव्हता. बहीण तेढ्याची, तीही तेढ्याची. हाक घरात तयारच होती. पुढे कुठल्याशा लग्नात रेवारामनेच तिचं गाणं टेप केलं होतं, आणि त्या फाइललाही त्याने ‘तेढावाली’ हेच नाव दिलं होतं. परवा उमेंद्रने घरी पेनड्राइव्ह लावला आणि तो आवाज सुरू झाला. चांगला पंचेचाळिशीचा बाप्या, पोर लग्नाला आलेला, भिंतीला टेकून रडला. मायचा आवाज, मायचा आवाज म्हणून त्याने सगळ्यांना बोलावून ऐकवलं. ती स्वयंपाकघरात उभी होती. तिचा तेव्हाचा मोकळा, चढा आवाज आणि आताचा हा घोगरा आवाज एकच, हे कुणाच्या ध्यानात येणं शक्य नव्हतं. दुलीचंद गेल्यापासून तर तिने गाणं तोंडातून काढलेलंच नव्हतं.

“मंग त्याले तवाच काऊन नाही सांगितलं?” रेवारामने विचारलं.

“कसी सांगू, भाऊ? इतक्या वर्षानं त्याले माय भेटली होती.”

रेवारामला ती चौकट आठवली, आणि काय विचारलं होतं ते मात्र आठवेना. आपण धुरपताचा आवाज पुसून टाकला की काय, या भीतीने त्याने खुर्ची कॉम्प्युटरकडे ओढली. धुरपता हे बहिणीचं नाव त्याला आत्ताच, वैनीच्या तोंडून कळलं होतं. कॅसेट तर केव्हाच बुरशी लागून गेली होती. जगात त्या बाईचा आवाज असलाच तर या जुन्या डब्यात. त्याने दुलीचंदचं फोल्डर उघडलं. फाइल जागेवर होती. नुसत्या नावावर आता त्याचा विश्वास उरला नव्हता, म्हणून त्याने ती लावली.

आधी खरखर, मग कुठेतरी कोंबडा आरवला, आणि एक बारीक, लाजरा आवाज हळदीचं गाणं म्हणू लागला. मध्ये कुणीतरी हसलं तशी गाणारीही हसली आणि पुन्हा सावरून गाऊ लागली. वैनीने पदर तोंडाला लावला. बाहेर एक ट्रॅक्टरवाला येऊन उभा राहिला, त्याला रेवारामने हातानेच थांबवलं.

तिने पेनड्राइव्ह सोबत आणला होता. रेवारामने तो लावला, फाइल उचलून त्यात सोडली, आणि चौकट उघडली. सवयीने बोट एंटरकडे गेलं आणि जन्मात पहिल्यांदा मध्येच थांबलं.

“काय इचारून राहिला तो?” तिने विचारलं.

रेवारामने डोळे बारीक करून एकेक शब्द लावला. इंग्रजी त्याला येत नाही असं नाही, पण सवड काढावी लागते. मग त्याने तिला सांगितलं की या नावाची एक इथे आधीच आहे असं म्हणतो. तिला काढून तिच्या जागी ही ठेवू का, असं विचारतो.

वैनी त्या पडद्याकडे पाहत राहिली. रेवारामला वाटलं तिला समजलं नसावं, म्हणून तो पुन्हा सांगणार होता.

“मले आणलं तवा असं कोणी इचारलं नव्हतं,” ती म्हणाली. “ना मले, ना बाईच्या जीवाले.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट ती थोडी हसलीच. सतरा वर्षांची होते, म्हणाली, शाळेत नाव होतं, आणि एका सकाळी सांगितलं की बाईचं लेकरू रडते, तुले जायचं आहे. घरी आली तर बाईचीच लुगडी, बाईचाच चुला, बाईचंच लेकरू आणि नावही बाईचंच. पोराने मात्र मावशी म्हटलं. तेही तिनेच शिकवलं होतं, कारण त्याची माय दुसरी होती हे त्याने विसरू नये असं तिला वाटायचं. रेवारामच्या मनात आलं, मी या बाईला निम्मं आयुष्य ओळखतो आणि तिच्या घरच्या पाण्याखेरीज मला तिचं काही ठाऊक नाही. त्याला स्वतःची लाज वाटली आणि तिच्याबद्दल फार माया वाटली.

मग ती कामाच्या स्वरात म्हणाली, “हो म्हण त्याले. मायी काढ, बाईची ठेव. मी पांढऱ्या कपाळाची, हळदीत माया आवाज शोभत नाही. बाई सवाष्ण गेली.”

इथे हो म्हणणं किती सोपं होतं. आयुष्यभर हो म्हणण्यात ज्याचा हात बसला त्याला तर एक बोट पुरे होतं. पण रेवाराम हट्टाला पेटला. त्याने चौकट खालपर्यंत वाचली. पहिली ओळ जुनी काढून नवी ठेवण्याची, दुसरी सोडून देण्याची, आणि तिसरी दोन्ही फाइली समोरासमोर पाहण्याची. ती तिसरी ओळ त्याने दाबली. दोन नावं शेजारी शेजारी आली, प्रत्येकीपुढे एक लहान चौकोन. दोन्हींवर खूण केली तर दोन्ही राहतात असं दिसत होतं. इतकी वर्षं हे इथेच लिहिलेलं होतं, आणि त्याने एकदाही वाचलं नव्हतं.

“मी काढत नाही, वैनी. दोघीयले ठेवतो. तुमचं लावत नाही, पण काढत नाही.”

ती चिडली. रेवारामही चिडला. गाणं मी टेप केलं आहे, मालक मी आहे, असंही काहीतरी तो बोलून गेला. शेवटी, लावायचं नाही या बोलीवर ती तयार झाली. कॉम्प्युटरने दोन्ही ठेवल्या आणि एका नावापुढे कंसात दोनचा आकडा टाकला. तो रेवारामला मुळीच आवडला नाही. त्याने एका फाइलचं नाव पुसून तिथे धुरपता लिहिलं आणि वैनीला तिचं नाव विचारलं. आधार कार्डावर आहे की, ती म्हणाली. कार्डावर असेल, तुम्ही सांगा, तो म्हणाला.

“अनुसया,” ती म्हणाली, आणि मुलीसारखी लाजली.

हळदीच्या दिवशी स्पीकरचा बॉक्सही रेवारामचाच होता, म्हणून संध्याकाळी तो स्वतः हिरडामालीला गेला. अंगणात मांडव, मांडवात पाटावर प्रेरणा, भोवती बायकांची गर्दी. अनुसयाबाई मागे, धान्याच्या कोठीपाशी बसली होती, हळदीच्या ताटापासून बेताने लांब. उमेंद्रने खूण केली तसं रेवारामने धुरपताचं गाणं लावलं. खरखर झाली, कोंबडा आरवला, बारीक आवाज गाऊ लागला. म्हाताऱ्या बायका माना डोलवू लागल्या. उमेंद्र मात्र अर्ध्यातच बॉक्सपाशी आला.

“हा नोको, भाऊ. त्या दिवशी वाजला तो लावा. मायचा.”

रेवारामची पंचाईत झाली. त्याने शब्द दिला होता. खोटं बोलायचं तर धुरपताचा आवाज पुन्हा एकदा पुसला जाणार, आणि खरं बोलायचं तर ते सांगणं त्याचं काम नव्हतं. त्याने कोठीकडे पाहिलं. अनुसयाबाई उठून पुढे आली होती. आवाज बारीक कर, असं तिने हाताने सांगितलं.

“हेच तुयी माय आहे, बाबू,” ती म्हणाली. “नीट ऐक. अथी हसते पाह्य, तशीच हसे ते.”

उमेंद्रने ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर आदर होता, आणि ओळख नव्हती. नव्या पाहुण्याला पाहावं तसं तो ऐकत होता.

“मंग त्या दिवशीचा कोणाचा होता?”

“माया होता. चुकून आला. रेवारामभाऊले मीच सांगितलं, लावू नोको म्हणून.”

प्रेरणा हळदीचे हात तसेच धरून बापाकडे पाहत होती. आता उमेंद्र रागावतो की काय, असं रेवारामला वाटलं, आणि सगळा दोष आपल्या अंगावर घ्यायला तो तोंड उघडणार, तेवढ्यात उमेंद्र बोलला.

“तरीच,” तो म्हणाला. “त्या दिवसापासून मी इचार करून राहिलो होतो, मावशे. माय गेली तवा मी दोन वर्षाचा होतो. मंग तिचा आवाज मले इतका याद कसा आहे.”

त्याने तिचा हात धरला, पांढऱ्या कपाळाचं काही तिला बोलूच दिलं नाही, आणि प्रेरणाच्या शेजारी पाटावर नेऊन बसवलं. मग रेवारामकडे वळून तो म्हणाला की मायचं पुरं होऊ द्या, मग मावशीचं लावा, आणि जरा मोठ्यानं लावा.